मूतखडा, स्टेंट आणि मेरोपेनेमला न जुमानणारा जंतू: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातले आहे. रुग्णाची किंवा रुग्णालयाची ओळख पटेल असा तपशील इथे ठेवलेला नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल बोलताना बहुतेक वेळा ‘नवीन औषधं येत नाहीत’ इथेच चर्चा थांबते. या रुग्णाच्या बाबतीत उपयोगी पडणारी औषधे रुग्णालयाच्या औषधकक्षात पहिल्या दिवसापासून होती. समोरचा जंतू नेमका कोणत्या हत्याराने लढतो आहे, हे कळायला उशीर झाला. म्हणून इथे औषधांइतकाच भर माहिती कुठे अडली यावर आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांच्या बाई. बारा वर्षांचा मधुमेह, साखर कधी आटोक्यात, कधी नाही. सहा आठवड्यांपूर्वी डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकला म्हणून त्या दुसऱ्या एका रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. तिथे डीजे स्टेंट बसवला गेला, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी. चार दिवस आयसीयूत गेले. आधी सेफ्ट्रिॲक्झोन, मग त्याहून जोरदार मेरोपेनेम, अशी अँटिबायोटिक्स मिळाली. ताप उतरला, त्या घरी गेल्या. महिनाभरात खडा काढायचा असे ठरले होते, पण साखर वाढलेली असल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि स्टेंट तसाच राहिला.

डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे होती, स्टेंट टाकल्याची तारीख होती. दाखल असताना लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, पाठवले होते, पण त्याचा निकाल कार्डावर नव्हता, कारण कार्ड तयार झाले तेव्हा तो आलाच नव्हता. हा एक रिकामा रकाना पुढे बराच महागात पडला.

समस्या

दुपारी दोनच्या सुमारास त्यांना तातडीच्या विभागात आणले तेव्हा थंडी वाजून भरलेला ताप, डाव्या कुशीत दुखणे आणि थोडी गुंगी होती. रक्तदाब ८४/५०. लॅक्टेट ४.६, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडत असल्याची खूण. पांढऱ्या पेशी २१,०००. मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे क्रिएटिनिन २.१, आणि सहा आठवड्यांपूर्वी तेच ०.९ होते. सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड फुगलेले दिसले. थोडक्यात, स्टेंट तुंबला होता, वर साचलेली लघवी पिकली होती आणि जंतू रक्तात उतरला होता. सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गामुळे कोसळलेला रक्तदाब.

पहिला निर्णय: कल्चर येईपर्यंत काय द्यायचे?

रक्ताचे दोन संच आणि लघवीचा नमुना घेऊन तासाभरात मेरोपेनेम आणि अमिकासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा एक डोस दिला गेला. सलाईन आणि रक्तदाब टिकवणारे नॉरॲड्रिनॅलिन सुरू झाले.

मेरोपेनेम निवडण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. सेफ्ट्रिॲक्झोनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी कार्बापेनेम हा मेरोपेनेमचा गटच भरवशाचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिनो’ चाचणीत अशा जंतूंच्या रक्तसंसर्गात पिपरासिलिन–टॅझोबॅक्टम घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्के, तर मेरोपेनेम घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले होते. त्यामुळे शॉकमधल्या रुग्णाला मेरोपेनेम देणे हे बहुतेक ठिकाणी हाताला आलेले वळण आहे.

पण या बाईंच्या बाबतीत तीन गोष्टी उलट दिशेला बोट दाखवत होत्या. सहाच आठवड्यांपूर्वी मेरोपेनेम मिळालेले, आयसीयूतला मुक्काम झालेला, आणि शरीरात परकी नळी. मेरोपेनेमचा कोर्स झाल्यावर आतड्यात जे जंतू उरतात ते बहुधा मेरोपेनेम पचवणारेच असतात. टीममध्ये कुणीतरी ‘कोलिस्टिन जोडायचं का?’ असे विचारले होते. ते जुने अँटिबायोटिक मूत्रपिंडाला अपाय करते, म्हणून क्रिएटिनिन पाहून तो विचार मागे पडला. अधिक रुंद पल्ल्याच्या औषधाचा विषय निघालाच नाही, कारण अशी राखीव औषधे कल्चरच्या निकालाशिवाय द्यायची नाहीत असा रुग्णालयाचा नियम होता. नियम चांगला आहे. शॉकमधल्या रुग्णासाठी त्यात पळवाट नव्हती, एवढेच.

दुसरा निर्णय: निचरा आत्ता की सकाळी?

इथे मात्र वेळ दवडला गेला नाही. आयसीयूतल्या एका डॉक्टरांचे मत होते की रक्तदाब जरा सावरू द्यावा, मग सकाळी स्टेंट बदलू. मूत्ररोगतज्ज्ञांनी साफ नकार दिला. तुंबलेल्या पिकलेल्या मूत्रपिंडात औषध धड पोचत नाही आणि तुंबारा निघेपर्यंत रक्तदाब सावरणारही नाही, असे त्यांचे म्हणणे. भूल देऊन स्टेंट बदलण्याऐवजी सोनोग्राफीखाली पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालायचे ठरले, म्हणजे नेफ्रोस्टॉमी. दाखल झाल्यापासून पाच तासांत ती झाली. सुई आत जाताच आला तो दाट, हिरवट-पिवळा पू. त्यातला थोडा कल्चरला गेला.

या सबंध प्रकरणात रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन. पुढच्या सोळा तासांत त्यांच्या शरीरात एकही उपयोगी अँटिबायोटिक नव्हते. तरीही नॉरॲड्रिनॅलिनची मात्रा वाढली नाही, याचे श्रेय त्या नळीचे आहे.

पहाटे तीनची बाटली

रक्ताच्या कल्चरची बाटली यंत्रात ठेवलेली असते आणि जंतू वाढला की यंत्र वाजते. ही बाटली तेराव्या तासाला, म्हणजे पहाटे तीनला वाजली. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीत, गुलाबी दांडुके दिसले, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू. रात्रपाळीच्या तंत्रज्ञांनी लगेच फोन करून तसे आयसीयूला कळवले. प्रयोगशाळेत अशी सोय होती की वाजलेल्या बाटलीतले थोडे रक्त यंत्रात घातले की साधारण तासाभरात जंतूचे नाव आणि त्याच्याकडे असलेली कार्बापेनेमेजसारख्या औषधे तोडणाऱ्या एन्झाइमची जनुके कळतात. पण ती महागडी तपासणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या सहीशिवाय लावायची नाही, अशी पद्धत होती. सही सकाळी आठला झाली. निकाल साडेनऊला आला: जंतू क्लेब्सिएला न्यूमोनिए, आणि अशा एन्झाइमपैकी एनडीएम पॉझिटिव्ह, ओएक्सए-४८ गट पॉझिटिव्ह, सीटीएक्स-एम पॉझिटिव्ह.

याच सुमारास रुग्णाच्या मुलीने आयसीयूच्या दारात डॉक्टरांना गाठले.

“डॉक्टर, सगळ्यात भारी औषध चालू आहे म्हणालात ना? मग ताप का उतरत नाहीये आईचा?”

“ताई, औषध भारीच आहे, पण या जंतूवर ते चालत नाही असं आत्ताच कळलंय. आपण बदलतोय. आधीच्या दवाखान्यातला लघवीचा काही रिपोर्ट आहे का तुमच्याकडे?”

होता. घरी गेल्यावर तीन दिवसांनी मुलीच्या फोनवर पीडीएफ आला होता. आई बरी होती म्हणून तो कुणी उघडलाच नव्हता. त्यात क्लेब्सिएला होता, आणि औषधांच्या यादीसमोर कोलिस्टिन व टायगेसायक्लिन सोडून वरपासून खालपर्यंत ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही.

कोणता एन्झाइम, हा प्रश्न का महत्त्वाचा

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम ही सगळी बीटा-लॅक्टम औषधे. त्यांना तोडणारे एन्झाइम म्हणजे बीटा-लॅक्टमेज, आणि त्यांचे ढोबळमानाने दोन घराण्यांत विभाजन होते. एका घराण्याच्या क्रियाकेंद्रात सेरीन हे अमिनो आम्ल असते: केपीसी, ओएक्सए-४८, सीटीएक्स-एम ही त्यातली मंडळी. दुसऱ्याच्या केंद्रात जस्ताचे अणू असतात: एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी. ॲव्हिबॅक्टम हे औषध पहिल्या घराण्याला निकामी करते, दुसऱ्याला हातही लावू शकत नाही. म्हणून २०१५ पासून वापरात असलेले सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टम केपीसीवाल्या किंवा नुसत्या ओएक्सए-४८वाल्या क्लेब्सिएलाला चालते, पण एनडीएम असला की तोकडे पडते.

उलट ॲझ्ट्रिओनॅम हे १९८०च्या दशकातले जुने औषध. त्याची रचना अशी की एनडीएमला ते तोडता येत नाही. मग एनडीएमवाल्या जंतूवर ते एकटे का चालत नाही? कारण असा जंतू सहसा सीटीएक्स-एमही बाळगून असतो, आणि तो ॲझ्ट्रिओनॅम फस्त करतो. म्हणजे पहारेकरी दोन, आणि प्रत्येक औषध त्यातल्या एकालाच चुकवू शकते. दोन्ही एकत्र दिली तर ॲव्हिबॅक्टम सीटीएक्स-एम आणि ओएक्सए-४८ यांना गुंतवून ठेवते आणि ॲझ्ट्रिओनॅम एनडीएमसमोरून सुखरूप आत जाते.

रिपोर्टवरचा नुसता ‘आर’ यातले काहीही सांगत नाही. मेरोपेनेमसमोर ‘आर’ असलेले दोन जंतू उपचाराच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळे असू शकतात.

तोलून पाहिलेले पर्याय

सकाळी दहाच्या सुमारास आयसीयू, मूत्ररोग, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधकक्ष अशा चौघांनी उभ्याउभ्याच चर्चा केली. पुढ्यात हे पर्याय होते.

कोलिस्टिन. अनेक वर्षे अशा जंतूंवरचा शेवटचा उपाय म्हणून याच्याकडेच पाहिले गेले. १९४०च्या दशकाच्या शेवटी सापडलेले हे औषध मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७०च्या दशकात बाजूला पडले होते. दुसरे काही उरले नाही म्हणून ते पुन्हा काढावे लागले. जुन्या रिपोर्टवर ते ‘चालते’ असे लिहिले होते, हा त्याच्या बाजूचा मुद्दा. विरुद्ध बाजूला बरेच काही होते. मूत्रपिंड आधीच आजारी. शिरेतून दिलेले औषध शरीरात हळूहळू सक्रिय होते, त्यामुळे रक्तात पुरेशी पातळी गाठायला वेळ लागतो. आणि ‘चालते’ या शेऱ्याचा भरवसा किती, हा प्रश्न वेगळाच. कोलिस्टिनचा रेणू मोठा, आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, नीट पसरत नाही, म्हणून डिस्कवरची, म्हणजे औषध भिजवलेल्या कागदी चकतीची चाचणी फसवी ठरते. स्वयंचलित यंत्रेही कधीकधी प्रतिरोध हेरत नाहीत. २०२०पासून अमेरिकेच्या सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कोलिस्टिनसाठी ‘सेन्सिटिव्ह’ हा वर्गच काढून टाकला आहे.

कोलिस्टिन आणि मेरोपेनेम एकत्र. हे बऱ्याच ठिकाणी सवयीने दिले जाते. २०१८च्या ‘एडा’ चाचणीत या जोडीचा एकट्या कोलिस्टिनपेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता, पण त्यातले बहुतेक रुग्ण ॲसिनेटोबॅक्टर या दुसऱ्या जंतूचे होते. क्लेब्सिएलाबद्दल त्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही.

टायगेसायक्लिन. रक्तात पातळी कमी, लघवीत त्याहून कमी. ज्या रुग्णाचा रोग मूत्रपिंडात आणि जंतू रक्तात आहे, तिथे हे नकोच. यावर चर्चा अर्धा मिनिटही झाली नाही.

फॉस्फोमायसिन. लघवीच्या संसर्गात नाव आहे, पण क्लेब्सिएलाच्या स्वतःच्या गुणसूत्रातच ते निकामी करणारे जनुक असते. एकटे देण्याजोगे नाही.

अमिकासिन पुढे चालू ठेवणे. एनडीएमसोबत अनेकदा असे एक जनुक येते की ते रायबोसोमची बांधणीच बदलून टाकते, आणि मग अमिकासिन, जेंटामायसिन, अगदी नवे प्लाझोमायसिनही बाद होते. या जंतूत तेच असावे असा संशय होता, आणि दुसऱ्या दिवशी अमिकासिनच्या डिस्कभोवती जराही मोकळी जागा दिसली नाही.

सेफिडेरोकोल. हे औषध लोहाला चिकटते, आणि लोहाच्या ओढीने जंतू स्वतःच ते आत ओढून घेतो. कल्पना सुंदर आहे. पण रुग्णालयात ते नव्हते, आणि एनडीएमवाल्या काही जंतूंवर त्याचा जोर कमी पडलेला दिसतो.

सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टम अधिक ॲझ्ट्रिओनॅम. दोन्ही कपाटात होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात जस्तवाल्या एन्झाइमच्या जंतूंमुळे रक्तसंसर्ग झालेले १०२ रुग्ण होते. ही जोडी मिळालेल्यांपैकी १९.२ टक्के, तर इतर औषधे मिळालेल्यांपैकी ४४ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ही चाचणी नव्हे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण एन्झाइमचे तर्कशास्त्र आणि हा आकडा एकाच दिशेने जात होते.

जोडीवर शिक्कामोर्तब झाले. पहिला डोस साडेअकराला गेला. रुग्ण दाखल होऊन साडेएकवीस तास झाले होते.

प्लेटवरचा पुरावा

एन्झाइम कळले म्हणजे जोडी चालेलच असे नाही. एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये औषधाच्या लक्ष्यस्थानी, पीबीपी-३ या प्रथिनात, चार अमिनो आम्लांची भर पडलेली आढळते आणि मग ॲझ्ट्रिओनॅमचा जोर घटतो. क्लेब्सिएलात हे तुलनेने कमी, तरी तपासणे भाग होते. यासाठी प्रयोगशाळेने वेगवेगळ्या पद्धतींपैकी सर्वांत साधी निवडली.

मुएलर-हिंटन आगरच्या प्लेटवर जंतूचा थर पसरून दोन डिस्क जवळजवळ ठेवल्या: एक सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टमची, दुसरी ॲझ्ट्रिओनॅमची. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उजेडात धरली तेव्हा दोन्ही डिस्कच्या बाहेरच्या बाजूने करड्या-पांढऱ्या वाढीचा थर अगदी कडेपर्यंत टेकलेला होता. प्रत्येक औषध एकटे साफ हरले होते. पण दोन डिस्कच्या मधल्या पट्ट्यात, जिथे दोन्ही औषधे एकमेकांत पसरली होती, तिथे लांबट आकाराची स्वच्छ जागा होती, आणि तिची कड दोन्ही डिस्कना भिडलेली. ही चाचणी आकडा देत नाही, फक्त कल सांगते. पण आयसीयूतल्या ज्युनिअर डॉक्टरांना ती प्लेट मुद्दाम बोलावून दाखवली गेली, आणि मला वाटते एन्झाइमवरचे तासभराचे व्याख्यानही इतके पटवून देणार नाही.

कोलिस्टिनची चाचणीही मानक पद्धतीने, म्हणजे ब्रॉथ मायक्रोडायल्युशनने केली. जंतूची वाढ थांबायला औषधाची किती मात्रा लागते, याचा आकडा त्यात मिळतो. यंत्राने ०.५ किंवा त्याहून कमी असे सांगितले होते. हाताने केलेल्या चाचणीत आकडा ८ आला. म्हणजे प्रतिरोधक. पहिल्या दुपारी कोलिस्टिन जोडले असते, तर मूत्रपिंडाला इजा झाली असती आणि जंतूला काहीच नाही.

डोसचा पेच

जोडी ठरल्यावर दुसरा वाद उभा राहिला. क्रिएटिनिन आता २.४ होते. सूत्राने हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला २५ मिलिलिटरच्या आसपास येत होती. औषधाच्या माहितीपत्रकानुसार या पातळीला सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टमची दिवसाची एकूण मात्रा नेहमीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आणायला हवी. औषधकक्षाने तसे कळवलेही.

आयसीयूच्या प्रमुखांचा मुद्दा वेगळा होता. तुंबारा निघून पंधरा-सोळा तास झाले होते आणि ताशी साठ-सत्तर मिली लघवी होऊ लागली होती. क्रिएटिनिन नेहमी मागून येते. ते कालच्या मूत्रपिंडाची अवस्था सांगते, आजच्या नव्हे. शॉकच्या पहिल्या दोन दिवसांत औषध कमी पडण्याचा धोका जास्त झाल्याच्या धोक्यापेक्षा मोठा. शेवटी पहिले ४८ तास पूर्ण डोस द्यायचा असे ठरले: सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टम २.५ ग्रॅम आणि ॲझ्ट्रिओनॅम २ ग्रॅम, दर आठ तासांनी, दोन्ही एकाच वेळी. एक संपल्यावर दुसरे नव्हे, कारण दोघांनी एकाच क्षणी जंतूपाशी हजर असणे हीच यातली गोम आहे. सेफ्टाझिडिम साचले तर भ्रम किंवा झटके येऊ शकतात, म्हणून दर पाळीला परिचारिकांनी त्याची नोंद ठेवायची होती. ४८ तासांनी क्रिएटिनिन १.५वर आले आणि डोसचा वाद आपोआप मिटला.

शेजारची खाट

एनडीएमचा निकाल येताच बाईंना वेगळ्या खोलीत हलवले आणि आसपासच्या सहा रुग्णांचे गुदद्वाराचे स्वॅब घेतले. एकात एनडीएमवाला क्लेब्सिएला निघाला. त्या रुग्णाला ताप नव्हता, तक्रार नव्हती. जंतू नुसता आतड्यात मुक्कामाला होता, म्हणून त्याला कोणतेही अँटिबायोटिक दिले नाही. फक्त खबरदारी आणि फाइलवर ठळक नोंद. तो जंतू कुणाकडून कुणाकडे गेला, की दोघांचा संबंधच नव्हता, हे जनुकीय तुलना न केल्याने कळले नाही.

“फेज का काय ते मिळेल का?”

तिसऱ्या दिवशी नॉरॲड्रिनॅलिन बंद झाले, पण ताप रेंगाळत होता. मुलीने इंटरनेटवर वाचून विचारले की जंतू खाणारे विषाणू किंवा एआयने शोधलेले औषध आईसाठी मागवता येईल का. प्रश्न अडाणी नव्हता, आणि टीमने तो उडवून लावला नाही.

जीवाणूभक्षी विषाणू, म्हणजे फेज, फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली वर्णिले. २०१६ साली सॅन दिएगोमध्ये टॉम पॅटरसन या रुग्णाला सगळ्या औषधांना पुरून उरलेल्या ॲसिनेटोबॅक्टरविरुद्ध फेज शिरेतून दिले गेले आणि ते बरे झाले. हे खरे आहे. पण फेज हा एकेका जंतूपुरता असतो. क्लेब्सिएलाभोवती जाड कवच असते, त्याचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत, आणि एका कवचावर चालणारा फेज दुसऱ्यावर सहसा चालत नाही. आधी रुग्णाचा जंतू पाठवा, जुळणारा फेज शोधा, तो शुद्ध करा, परवानगी मिळवा. यात आठवडे जातात. तरी जोडी अपयशी ठरलीच तर हाताशी असावा म्हणून जंतू उणे ८० अंशांवर गोठवून ठेवला गेला. माझ्या मते ही छोटी कृती प्रत्येक अशा रुग्णात व्हावी. जंतू फेकून दिला की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

नव्या औषधांची बातमी आणि रुग्णाची खाट यांत अंतर का पडते, हेही इथे दिसले. २०२० साली एमआयटीच्या गटाने संगणकाच्या साहाय्याने हॅलिसिन हे जंतुनाशक रेणू हेरले. २०२४च्या जानेवारीत झोसुराबाल्पिन या नव्या औषधाचे काम प्रसिद्ध झाले. जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा माल पोचवणारी यंत्रणाच ते बंद पाडते. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंविरुद्ध असा नवा मार्ग सापडणे ही मोठी गोष्ट आहे, पण ते ॲसिनेटोबॅक्टरपुरते आहे, क्लेब्सिएलाला त्याचे काही नाही. या बाईंच्या जंतूच्या जवळ जाणारी औषधे वेगळीच: एनडीएमलाही रोखू शकणारे टॅनिबोरबॅक्टम, किंवा एनडीएमला न रोखता जंतूच्या पीबीपी-२ या प्रथिनावर थेट बसणारे झिडेबॅक्टम, दोन्ही सेफेपिम या अँटिबायोटिकच्या जोडीने. आणि या रुग्णाला दोन बाटल्यांतून मिळालेली जोडी आता ॲझ्ट्रिओनॅम–ॲव्हिबॅक्टम या एकाच औषधाच्या रूपात आहे. युरोपात २०२४ साली आणि अमेरिकेत २०२५ साली त्याला मान्यता मिळाली.

शोध लागला तरी औषध टिकेलच असे नाही. अकेओजेन या कंपनीने प्लाझोमायसिनला जून २०१८मध्ये मान्यता मिळवली आणि एप्रिल २०१९मध्ये तिचे दिवाळे निघाले. जे औषध जपून, क्वचित वापरायचे आहे, त्याच्या विक्रीवर कंपनी जगणार कशी? ब्रिटनने २०२२पासून यावर वेगळी वाट काढून पाहिली. सेफिडेरोकोल आणि सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टम यांच्यासाठी किती बाटल्या खपल्या यावर नव्हे, तर वर्षाला ठरावीक रक्कम दिली जाते. दुसरीकडे २०१९ या एका वर्षात प्रतिरोधक जंतूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२.७ लाखांचा आहे. गरज आणि बाजार यांची गाठ पडत नाही, ती अशी.

किती दिवस द्यायचे?

चौथ्या दिवशी जुना स्टेंट काढला. त्याच्या वरच्या टोकावर क्षार साचून खरखरीत पुट चढले होते, आणि अशा पुटातल्या जंतूंपर्यंत कोणतेही औषध धड पोचत नाही. नेफ्रोस्टॉमी चालू होती म्हणून नवा स्टेंट घातला नाही. त्याच रात्री ताप पूर्ण उतरला. तिसऱ्या दिवशी घेतलेले रक्ताचे कल्चर निर्जंतुक आले.

सहाव्या दिवशी यकृताच्या तपासणीत एएलटी १९० निघाले, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण. ॲझ्ट्रिओनॅमचा हा ओळखीचा दुष्परिणाम. आता सात दिवसांवर थांबायचे की चौदा पुरे करायचे? ‘जंतू इतका हट्टी, मग कोर्सही लांब हवा’ असे एका बाजूचे मत. ते ऐकायला बरोबर वाटते, पण त्याला आधार नाही. औषध लागू पडत असेल आणि पू निघून गेला असेल, तर प्रतिरोधक जंतूला जास्त दिवस लागतात असे दिसलेले नाही. रक्तसंसर्गात सात दिवस चौदा दिवसांपेक्षा कमी पडत नाहीत, हे ‘बॅलन्स’ या मोठ्या चाचणीने दाखवले आहे, जरी त्यात असे जंतू थोडेच होते. टीमने स्टेंट काढल्यापासून सात दिवस मोजले. एएलटी २१०पर्यंत चढून पुढे दोन आठवड्यांत उतरले.

परिणाम

बाई पंधराव्या दिवशी नेफ्रोस्टॉमीची नळी घेऊन घरी गेल्या. क्रिएटिनिन १.२वर स्थिरावले, पूर्वीच्या ०.९वर ते परत आले नाही.

सात आठवड्यांनी खडा काढायची वेळ आली. आधी पाठवलेल्या लघवीत पुन्हा तोच क्लेब्सिएला वाढला. ताप नाही, जळजळ नाही. इथे आठवडाभराचा कोर्स सुरू करण्याचा मोह झाला होता. तसे न करता शस्त्रक्रियेच्या आधी तासभर एक आणि नंतर एक, असे जोडीचे दोनच डोस दिले. शस्त्रक्रियेनंतर ताप आला नाही, नळी निघाली. आतड्यातला जंतू मात्र तीन महिन्यांनंतरच्या स्वॅबमध्येही होता.

वेगळे काय करता आले असते

जुना रिपोर्ट पहिल्या तासात विचारायला हवा होता. ‘आधी कुठे ॲडमिट होतात?’ हे विचारले गेले, ‘त्यानंतर फोनवर काही रिपोर्ट आला का?’ हे नाही. आता त्या तातडीच्या विभागाच्या नोंदपत्रकावर हा प्रश्न छापलेला आहे. पहिल्या रुग्णालयाची बाजू याहून कच्ची होती. डिस्चार्जनंतर आलेला निकाल वाचून रुग्णाला कळवण्याची जबाबदारी तिथे कुणाचीच नव्हती.

पहाटेची चाचणी सहीसाठी पाच तास थांबली. सेप्टिक शॉकमधल्या रुग्णाची बाटली वाजली आणि ग्रॅम-निगेटिव्ह जंतू दिसला, तर तंत्रज्ञांनी विचारल्याशिवाय चाचणी लावायची, असा बदल नंतर झाला. चाचणीचा खर्च वाढला, आणि त्यावरून अजून कुरबुर चालते.

पहिल्याच तासाला जोडी दिली असती तर? जुना रिपोर्ट हाती असता तर तो निर्णय समर्थनीय होता. तो नसताना, निव्वळ शंकेवरून, शॉकमधल्या प्रत्येकाला ही औषधे द्यायची ठरवली तर ती राखीव राहणारच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टम ‘राखीव’ गटात आहे ते याच कारणाने. टीममध्ये यावर एकमत झाले नाही. तडजोड अशी निघाली की गेल्या तीन महिन्यांत कार्बापेनेम, आयसीयूतला मुक्काम आणि शरीरात नळी, या तिन्ही गोष्टी असतील आणि रुग्ण शॉकमध्ये असेल, तर जोडीचा पहिला डोस सहीविना द्यायचा आणि २४ तासांत एन्झाइमचा निकाल पाहून ती चालू ठेवायची की थांबवायची हे ठरवायचे. थांबवण्याचे काम कुणाचे, हे त्या नियमात नाव घालून लिहिले आहे. औषध सुरू करायला सगळे तयार असतात, बंद करायला कुणी पुढे येत नाही, हा तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा अनुभव त्यामागे आहे.